मार्चअखेर

तोक्योच्या पूर्वेला आराकावा नदी ओलांडली की एदोगावा वॉर्डातलं निशिकासाई स्टेशन लागतं. तोझाई लाइननं ओतेमाचीहून वीसेक मिनिटं. संगणकांच्या ‘वायटूके’ कामासाठी 2000 च्या आगेमागे भारतीय इंजिनियर तोक्योत आले, त्यांतले बरेच जण इथेच राहिले. बँकांची आणि कंपन्यांची ऑफिसं याच लाइनवर होती, शिवाय यूआर या निमसरकारी संस्थेच्या वसाहतींमध्ये परदेशी माणसालाही घर मिळायचं. यूआरला जामीनदार लागत नाही, आणि ‘रेइकिन’ म्हणून घरमालकाच्या हातावर ठेवायचे, कधीच परत न मिळणारे पैसेही नाहीत. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी तर सत्तरच्या दशकापासून इथे राहत होते, आणि नवीन आलेल्या मुलांना घर शोधण्यापासून जेवणापर्यंत त्यांनी मदत केली. 2008 च्या शरदात आम्ही आलो तोवर तूरडाळ, पोहे, हिंग हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळू लागलं होतं.

2019 च्या मार्चअखेर आम्ही पुण्याला परतलो. मला लिहायचं आहे ते त्याआधीच्या वर्षाबद्दल. परदेशी जाताना काय न्यावं, कुठे राहावं, काय जपावं हे सांगायला दहा माणसं पुढे येतात. निघताना कसं निघावं याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. वास्तविक निघण्याचं काम येण्यापेक्षा मोठं असतं, कारण येताना हातात दोन बॅगा असतात आणि निघताना मागे एक अख्खं घर, मुलांची शाळा, ओळखीपाळखी, करांचे आणि पेन्शनचे कागद असं सगळं उभं असतं.

निशिकासाईतल्या कुठल्याही मराठी घरात ‘कधी परतणार?’ असं विचारलं की ‘अजून दोन वर्षं’ हे उत्तर यायचं. आम्हीही तेच सांगत होतो. ते खोटं नव्हतं. दोन वर्षांनंतर जायचंच असं प्रत्येकाला मनापासून वाटत असतं. पण तारीख ठरत नाही तोवर कशालाच हात लागत नाही. पुण्यात घर घ्यायचं की भाड्यानं राहायचं, मुलांना इंडियन स्कूलमध्ये घालायचं की जपानी शाळेत, नवा सोफा घ्यायचा की जुन्यावर भागवायचं, सगळंच लोंबकळत राहतं.

माझ्या मनात तारखेचा आग्रह 2011 पासून होता. त्या वर्षी 11 मार्चला दुपारी पावणेतीनला भूकंप झाला तेव्हा मुलगी वर्षाची होती. तिला कडेवर घेऊन मी जिना उतरले आणि ग्योसेन पार्कच्या मोकळ्या जागेत जाऊन बसले. गाड्या बंद होत्या. नवरा ओतेमाचीहून चालत निघाला आणि कासाई पूल ओलांडून रात्री घरी पोचला. पुढच्या दिवसांत फुकुशिमाच्या बातम्या येत राहिल्या, साताऱ्याहून आणि पुण्याहून फोनवर फोन येत राहिले, आणि मिळेल त्या तिकिटानं आम्ही मुंबई गाठली. सिंकमध्ये भांडी तशीच, गॅलरीत कपडे वाळत टाकलेले. खालच्या मजल्यावरच्या आजींना नीट सांगूनही निघालो नाही. काही महिन्यांनी परत आलो, सगळं सुरळीत झालं, आजींनी एक शब्दही लागेल असं बोलून दाखवलं नाही. पण त्या निघण्याची आठवण फार वाईट होती. पुन्हा कधी हे घर सोडायचं तर हातात वेळ ठेवून, प्रत्येकाचा निरोप घेऊन सोडायचं, हे तेव्हाच मनाशी पक्कं झालं.

परतण्याची कारणं दोन. सासरे गेल्यापासून सासूबाई साताऱ्याला एकट्या होत्या. त्यांनी आम्हाला ‘या’ असं कधी म्हटलं नाही. उलट, ‘माझ्यासाठी काही ठरवू नका’ एवढंच म्हणायच्या, आणि ते ऐकूनच आम्हाला ठरवावंसं वाटायचं. दुसरं कारण मुलगी. ती आमच्या वसाहतीशेजारच्या सरकारी प्राथमिक शाळेत जायची. जपानी शाळेत पहिली ते तिसरीत मिळून 440 कांजी, म्हणजे चित्रलिपीतली अक्षरं, शिकवतात. तिला त्या सगळ्या यायच्या. पाढे ती मनात जपानीत म्हणायची, ‘नि निन् गा शि’ असे, आणि उत्तर आम्हाला मराठीत सांगायची. मराठी बोलायची छान, पण वाचताना जोडाक्षर आलं की अडायची. चौथी, पाचवी, सहावी तिथे झाली असती तर पुढे पुण्याच्या शाळेत तिला बसवणं फार अवघड झालं असतं. सहावीनंतर जपानात माध्यमिक शाळा सुरू होते आणि तिथून मुलाला उपटून आणणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच. हे मी नुसतं ऐकून सांगत नाही. आठवीत असताना परत गेलेला एक मुलगा आमच्या ओळखीत होता, आणि त्याच्या आईचे फोन मी घेतलेले होते.

तारखेवरून आमच्या घरी बराच खल झाला. नवऱ्याचं म्हणणं होतं की डिसेंबरच्या आत निघू. त्यामागे हिशेब होता. जपानात 1 जानेवारीला ज्याचा पत्ता ज्या वॉर्डात असेल त्याला आदल्या वर्षाच्या कमाईवरचा रहिवासी कर तिथे भरावा लागतो. त्याला ‘जुमिनझेई’ म्हणतात. करपात्र उत्पन्नाच्या साधारण दहा टक्के. म्हणजे 31 डिसेंबरच्या आत निघालं तर त्या वर्षाच्या कमाईवरचा हा कर लागतच नाही, आणि जानेवारीत निघालं तर पूर्ण लागतो. रक्कम लहान नव्हती. पण शाळेचं तिसरं सत्र जानेवारी ते मार्च असतं, आणि वर्ष मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संपतं. मुलीला वर्ग अर्धवट सोडायला लावून तो कर वाचवायचा, हे मला पटेना. मी स्पष्टच म्हणाले, हा कर आपण तिच्या शाळेची फी समजून भरू. दोन रविवार तो गप्प होता. मग त्यानं स्वतःच भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्चच्या शेवटच्या आठवड्याभोवती लाल रेघ ओढली.

मार्च आम्हाला आणखी एका कारणानं सोयीचा होता. जपानचं वर्षही आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च चालतं: शाळांचं, सरकारचं, बहुतेक कंपन्यांचं. आपल्याकडचं आयकराचं वर्षही 31 मार्चलाच संपतं, त्यामुळे पगार जपानातला आणि राहणं भारतातलं असा गुंता एकाच वर्षात होत नाही. पुण्याच्या काही शाळा एप्रिलमध्ये उघडतात, काही जूनमध्ये. आम्ही जूनवाली शाळा शोधायची ठरवली, म्हणजे मधले दोन महिने तिला साताऱ्याला आजीजवळ काढता येतील.

लाल रेघ ओढल्यावर कामं आपोआप मागे मागे लागत गेली.

सर्वांत मोठा प्रश्न होता कायमच्या निवासाचा. साधारणपणे दहा वर्षं जपानात राहिलं आणि त्यातली पाच तरी नोकरीच्या व्हिसावर असली की ‘एइजू’साठी अर्ज करता येतो. आमची दहा वर्षं 2018 मध्येच भरत होती. ओळखीच्या प्रत्येकानं सांगितलं की अर्ज करा, मिळालं की मग जा, पुन्हा यायचा रस्ता मोकळा राहील. सल्ला आपुलकीचा होता आणि अनेकांच्या बाबतीत तो बरोबरही असतो. पण एइजू मिळालं तरी ते टिकवायला परत यावं लागतं. विमानतळावर खूण करून मिळणारी पुनःप्रवेशाची सवलत एका वर्षाची. आधी वेगळा परवाना काढून ठेवला तर जास्तीत जास्त पाच वर्षांची. त्या मुदतीत आलं नाही तर हक्क जातो. आम्ही रात्री उशिरापर्यंत यावर बोललो. पुण्यात पहिला पावसाळा अवघड जाणार, नोकरीत मन रमणार नाही, मुलगी रडणार, हे दिसत होतं. अशा वेळी टेबलाच्या खणात परतीचा कागद असला की आपण पुण्यात मुळं धरणारच नाही, असं मला वाटलं आणि आजही वाटतं. निशिकासाईतून गेलेली आणि दीड वर्षात परत आलेली कुटुंबं मी पाहिली होती. त्यांच्या मुलांची शाळा दोनदा तुटली. आम्ही अर्ज केला नाही.

पेन्शनबद्दल मात्र काही मागे ठेवणं शहाणपणाचं होतं. जपानात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारातून ‘नेनकिन’ कापलं जातं. दहा वर्षांहून कमी भरणा असलेल्या परदेशी माणसाला देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज करून काही रक्कम एकदम परत मागता येते. त्यावर तेव्हा जास्तीत जास्त 36 महिन्यांचीच मर्यादा होती. पुढे 2021 मध्ये ती 60 महिने झाली. सात-आठ वर्षं राहिलेल्या माणसानं ती रक्कम घेतली तर तीन वर्षांएवढे पैसे मिळायचे आणि सगळ्या वर्षांचा भरणा पुसला जायचा. पार्कात मुलं घसरगुंडीवर असताना आम्हा बायकांमध्ये या विषयावर तासन्‌तास चर्चा व्हायची. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू झाला, त्यामुळे इकडची आणि तिकडची वर्षं एकत्र धरता येतात, हे पुष्कळांना ठाऊकच नव्हतं. मी ते प्रत्येकीला सांगत असे. घाईत पैसे उचलून पुढचा हक्क घालवू नये, इतकंच माझं म्हणणं. आमचा प्रश्न सोपा झाला होता. पूर्वी पेन्शनला 25 वर्षांचा भरणा लागायचा, ती अट ऑगस्ट 2017 पासून दहा वर्षांवर आली आणि नवऱ्याची दहा वर्षं पूर्ण होती. पासष्टाव्या वर्षी अर्ज करायचा. नेनकिनची निळी पुस्तिका आम्ही पासपोर्टांच्या पिशवीत ठेवली. ती आजही तिथेच आहे.

रहिवासी कराची बिलं जूनमध्ये निघतात, तेव्हा आपण देशात नसतो. म्हणून आपल्या वतीनं कर भरणारा माणूस नेमून वॉर्ड ऑफिसला तसं कळवावं लागतं. नवऱ्याच्या ऑफिसातला एक मराठी मित्र तयार झाला. पैसे त्याच्याकडे आधीच ठेवले. हे काम ज्याच्यावर सोपवायचं तो माणूस पुढचं वर्षभर तरी जपानात राहणारा हवा, एवढं पाहावं.

मग सामान. जपानात वीज 100 व्होल्टची, आपल्याकडे 230. त्यामुळे राइस कुकर, मिक्सर, व्हॅक्यूम क्लीनर यांपैकी काहीच नेण्यात अर्थ नव्हता. सोफा, टेबलं, सायकली, हीटर यांची यादी करून ‘सायोनारा सेल’ लावला. निघणाऱ्या प्रत्येक घराचा तो असतो, आणि आमचं निम्मं घर इतरांच्या सायोनारा सेलमधूनच आलं होतं. ज्या टेबलावर मुलगी लिहायला शिकली ते चेन्नईच्या एका कुटुंबाकडून घेतलेलं. आता ते नागपूरहून नव्यानं आलेल्या जोडप्याकडे गेलं. मी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्यांच्या घरात अजून काहीच नव्हतं, आणि दहा वर्षांपूर्वीचं आमचं रिकामं घर मला आठवत होतं.

जे विकलं जात नाही ते नुसतं खाली नेऊन ठेवता येत नाही. मोठ्या कचऱ्याला ‘सोदाई गोमी’ म्हणतात. त्यासाठी फोन करून किंवा इंटरनेटवरून तारीख घ्यायची, वस्तूप्रमाणे किती पैसे ते विचारायचं, तेवढ्या किमतीची 200 आणि 300 येनची स्टिकरं कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून आणायची, त्यांवर नाव किंवा क्रमांक लिहून चिकटवायची आणि ठरल्या दिवशी सकाळी वस्तू खाली ठेवायची. मार्चमध्ये अख्खा जपान घरं बदलतो: बदल्या, नवी नोकरी, नवी कॉलेजं. त्यामुळे त्या महिन्यातल्या तारखा आठवडे न्‌ आठवडे आधी भरतात. मी जानेवारीतच तारखा घेतल्या होत्या. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशिन आणि एसी सोदाई गोमीत चालत नाहीत. 2001 पासूनच्या कायद्यानं त्यांच्या पुनर्वापराचे पैसे टाकणाऱ्यानंच भरायचे. वॉशिंग मशिनचे अडीच हजार येनच्या आसपास, मोठ्या फ्रिजचे त्याहून बरेच जास्त, आणि वर वाहतूक. जुना फ्रिज फुकट न्यायला कोणी मिळालं तर पैसे वाचतात, म्हणून मी तो मोफत म्हणून लावला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

भारतात आणायच्या वस्तूंबद्दल आम्ही एकच नियम केला: जी पुण्यात मिळते ती आणायची नाही. विमानात प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा, बाकी पुस्तकं जहाजाच्या टपालानं. ते स्वस्त, पण पोचायला दोन-तीन महिने घेतं. मुलीची जपानी पुस्तकं आणि तिचं लाल दप्तर, रांदोसेरू, यांवर काही चर्चाच नव्हती. ते दप्तर सहा वर्षं टिकावं असंच बनवलेलं असतं आणि तिनं ते तीनच वर्षं वापरलं होतं. कढीपत्त्याच्या कुंडीची काळजी मला जास्त होती. तोक्योच्या थंडीत तो बाहेर जगत नाही. दर नोव्हेंबरमध्ये मी कुंडी आत घ्यायची, खिडकीशी उन्हात ठेवायची. वरच्या मजल्यावरच्या कोइमतूरच्या बाईंकडे ती दिली आणि आत-बाहेर कधी करायचं ते कागदावर लिहून दिलं.

शाळेची तयारी सगळ्यांत आधी सुरू करावी लागली. मुलीचा जन्म तोक्योतला. पुण्याची शाळा जन्मदाखला मागणार, आणि जपानी भाषेतल्या नोंदीचा तिथे उपयोग नाही. भारतीय वकिलातीत तिचा जन्म नोंदवलेला होता, त्यामुळे वकिलातीचा दाखला हाताशी होता. ज्यांनी तो जपून ठेवलेला नाही त्यांनी निघायच्या आधीच कुदानशिताला जाऊन काम उरकावं. वकिलात तोझाई लाइनवरच आहे, पण पुण्याहून तेच काम करायचं म्हणजे महिने जातात. दुसरा कागद शाळा सोडल्याचा दाखला. जपानी शाळेला आपल्यासारखा दाखला देण्याची सवय नसते. तिच्या वर्गशिक्षिकेला मी डिसेंबरमध्ये भेटले, आपल्याकडे कशा प्रकारचा कागद लागतो ते सांगितलं. बाईंनी मुख्याध्यापकांशी बोलून इंग्रजीत, इयत्ता आणि तारखांसह, शिक्क्याचं पत्र करून दिलं. आधारचाही प्रश्न होता. त्या वेळच्या नियमानं देशात 182 दिवस राहिल्याखेरीज आधार काढता येत नव्हतं, म्हणून पुण्यातल्या शाळेला आधीच ईमेल लिहून आधार नंतर देऊ हे कबूल करून घेतलं.

कागद जुळले. पण मुलीचं काय, याला कागद पुरत नव्हता. आम्ही दोघं घरी चाललो होतो. तिचं घर तर हेच होतं. पुणं म्हणजे तिच्यासाठी उन्हाळ्याची सुट्टी, आंबे आणि आजी. तिथे कायमचं राहायचं म्हणजे काय ते तिला सांगायला मी सप्टेंबर निवडला, म्हणजे तिच्याकडे सहा महिने राहतील. तिनं रडण्याऐवजी प्रश्न विचारले. शाळेत पोहायचा तलाव असेल का? मी एकटी चालत जाऊ शकेन का? डब्याच्या वेळी वाढायची पाळी माझ्यावर येईल का? तिच्या शाळेत मुलंच पांढरा एप्रन आणि टोपी घालून सगळ्या वर्गाला जेवण वाढतात, मुलंच वर्ग झाडतात, फरशी पुसतात. आम्ही शाकाहारी, म्हणून तिचा डबा घरून जायचा, पण वाढायची पाळी तिनं कधी सोडली नाही. मी तिला खरी उत्तरं दिली. तलाव नसेल. चालत जाता येणार नाही, बस असेल. वाढायची पाळी नसेल. ‘मग तिथे मी काय करू?’ असं तिनं विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि उगाच काहीतरी सांगून तिची समजूत घालणं मला योग्य वाटलं नाही.

त्याऐवजी आम्ही तिला तिचं स्वतःचं कॅलेंडर दिलं. कोणत्या मैत्रिणीकडे कोणत्या शनिवारी जायचं, कासाई रिंकाई पार्कचा मोठा पाळणा शेवटचा कधी, ग्योसेन पार्कातल्या छोट्या प्राणिसंग्रहालयात कधी जायचं, हे तिनं ठरवलं. त्यातला एकही बेत आम्ही आमच्या कामासाठी हलवला नाही. मार्चमधल्या एका शनिवारी घर तपासायला माणूस यायचा होता, तर आम्ही त्यालाच दुसरा दिवस मागितला. मुलांच्या बाबतीत मोठी माणसं हे कमी करतात असं मी पाहिलंय. सामानाच्या याद्या पानंच्या पानं होतात आणि मुलाला विमानाच्या आदल्या आठवड्यात कळतं की मित्राचं घर आता बघायला मिळणार नाही.

मराठीच्या वर्गाचीही सोय लावायची होती. रविवारी सकाळी वॉर्डाच्या सामुदायिक केंद्रातली एक खोली भाड्यानं घेऊन मी मुलांना मराठी शिकवायची. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. त्यांचे छापलेले संच, बाराखडीचे तक्ते, गोष्टींची पेटी असा पसारा जमला होता. वर्ग कोणीतरी घ्यावा असं सगळ्यांना वाटत होतं, पण घेणार कोण? जानेवारीपासून मी एका मैत्रिणीला शेजारी बसवून घेतलं. आधी तिनं फक्त गोष्ट वाचायची, मग शुद्धलेखन, मग पूर्ण तास. मार्चमध्ये मी मागच्या बाकावर बसत होते. ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते, हे मी तिला तेव्हाच सांगितलं.

शेवटचे पंधरा दिवस भराभर गेले. यूआरला घर सोडण्याची लेखी सूचना चौदा दिवस आधी द्यावी लागते, ती दिली. वॉर्ड ऑफिसच्या कासाई शाखेत देश सोडत असल्याची नोंद केली, मुलांचा भत्ता बंद करून घेतला. स्वयंपाकघरातल्या पंख्यावर दहा वर्षांच्या फोडण्यांचा थर होता. तो खरवडायला मैत्रिणी आल्या आणि दुपारपर्यंत हसत-बोलत काम झालं. खालच्या आजींकडे आम्ही तिघंही गेलो. जपानी रीतीप्रमाणे मिठाईचा छोटा डबा नेला. मी त्यांच्याशी 2011 बद्दल बोलले. त्या वेळी न सांगता गेलो, या वेळी सांगायला आलोय, असं म्हणाले. त्यांनी मुलीचा हात हातात घेऊन तो बराच वेळ धरून ठेवला. शाळेच्या शेवटच्या दिवशी वर्गानं तिला जाड चौकोनी पुठ्ठा दिला, मधे तिचं नाव आणि भोवती प्रत्येक मुलाच्या हातचं एकेक वाक्य. नारिताला तपासणीच्या खिडकीवर पुनःप्रवेशाच्या चौकटीत आम्ही खूण केली नाही. अधिकाऱ्यानं तिघांची रेसिडेन्स कार्डं घेतली, पंचनं भोक पाडलं आणि आठवण म्हणून परत दिली. मुलीनं तिचं कार्ड त्या पुठ्ठ्यामागे चिकटवलंय.

पुण्यातलं पहिलं वर्ष अवघडच गेलं, आणि त्याबद्दल वेगळं लिहिता येईल. साताऱ्याचे दोन महिने मात्र आम्ही केलेल्या सगळ्या बेतांमध्ये सर्वांत चांगले ठरले. आजीनं तिला ‘बे एके बे’पासून पाढे शिकवले आणि रोज संध्याकाळी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाचायला लावली. जूनमध्ये मित्रानं तोक्योत रहिवासी कराचा पहिला हप्ता भरून पावतीचा फोटो पाठवला.

त्या हिवाळ्यात वर्ग चालवणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. त्यांचंही ठरलं होतं: 2020 चा मार्चअखेर, आमच्यासारखाच. मी तिला आमचं भिंतीवरचं कॅलेंडर फोटो काढून पाठवलं. तिनं सगळं वेळेवर केलं. घराची सूचना दिली, सेल लावला, मुलाचा दाखला घेतला. आणि कोरोनामुळे 22 मार्चपासून भारतानं परदेशातून येणारी प्रवासी विमानं थांबवली. त्यांचं घर रिकामं, सामान विकलेलं, नवऱ्याच्या नोकरीचा शेवटचा दिवस तोंडावर. दुसऱ्या एका मराठी कुटुंबानं त्यांना आपली एक खोली दिली. आमचं लिहायचं टेबल घेऊन गेलेल्या नागपूरच्या जोडप्यानं अंथरुणं-पांघरुणं पोचवली. अडकलेल्यांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेच्या विमानात जागा मिळेपर्यंत ते चौघं त्या एका खोलीत राहिले.

सामुदायिक केंद्र बंद झालं होतं. तिनं त्या खोलीतूनच फोनवर वर्ग सुरू ठेवला. पहिल्या रविवारी तिनं मला विचारलं, तुझी लेक लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवेल का? वर्ग जपानच्या सकाळी दहाला असायचा, म्हणजे पुण्यात साडेसहा. लेक गजर लावून उठली आणि जोडाक्षरांसकट अख्खी गोष्ट वाचली. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी वर्ग दुपारी दोनला घेतला, म्हणजे इकडे साडेदहा, आणि साताऱ्याहून आजीलाही बसता येऊ लागलं.